‘किल-स्विच बसवला आहे’ एवढ्यावर परवानगी देऊ नका

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समिती, म्हणजेच जीईएसी,
पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्रालय, नवी दिल्ली;
तसेच जैवतंत्रज्ञान विभागाच्या, जनुकीय फेरबदलांचे अर्ज तपासणाऱ्या आरसीजीएम समितीचे सदस्य

सविनय नमस्कार.

जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंच्या अर्जांत हल्ली एक वाक्य हटकून सापडते: ‘सुरक्षिततेसाठी या जिवाणूत किल-स्विच बसवलेला आहे.’ म्हणजे ठरावीक खूण मिळताच जिवाणूला स्वतःलाच मारायला लावणारी जनुकांची जोडणी. त्यातही नवी टूम प्रकाशाची. उजेड पडला की जिवाणू मरणार, किंवा उजेड गेला की मरणार. हे वाचले की वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो आणि तो पान उलटतो. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. संस्थास्तरीय जैवसुरक्षा समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून बसत असल्याने असे कागद माझ्याही टेबलावर येतात. माझी तक्रार स्विचबद्दल नाही. ते तंत्र मला मनापासून आवडते. तक्रार त्या वाक्याबद्दल आहे, कारण त्यात आकडा नसतो. आणि असला, तरी तो भलत्याच जागी मोजलेला असतो.

हे आत्ताच लिहायचे कारण असे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बायोई-३ धोरण मंजूर केले. शेती, औषधे, रसायने, प्रदूषण या सगळ्यांत सूक्ष्मजीवांकडून काम करून घेण्याचा तो मनसुबा आहे, आणि तो चांगलाच आहे. पण आपली समिती ज्या १९८९ च्या नियमांखाली काम करते त्यांच्या नावात घातक सूक्ष्मजीव सगळ्यात आधी येतात, तरी गेल्या दोन-अडीच दशकांत आपल्या दारात गाजलेले वाद झाले ते पिकांचे: बीटी कापूस, बीटी वांगे, मोहरी. जिवाणूंवर सार्वजनिक चर्चा जवळपास झालीच नाही. आता अर्जांचा ओघ त्या बाजूने येणार, आणि प्रत्येकाच्या खिशात एक किल-स्विच असणार.

आपल्यापैकी सगळेच या विषयातले नाहीत, म्हणून यंत्रणा आधी सांगतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूला लाल उजेड ओळखायला लावला आणि जिवाणूंच्या थरावर चक्क छायाचित्र उमटवून दाखवले. त्यासाठीचा संवेदक त्यांनी एका नीलहरित जिवाणूकडून उसना घेतला होता. पुढे हिरव्या आणि निळ्या उजेडाचेही संवेदक आले. २०१२ मध्ये बर्लिनमधल्या गटाने पीडस्क आणि पीडॉन नावाची दोन प्लास्मिडे, म्हणजे जिवाणूत घालता येणारी डीएनएची छोटी सुटी वर्तुळे, प्रसिद्ध केली. आज विद्यार्थ्यांच्या प्रकल्पापासून मोठ्या प्रयोगशाळेपर्यंत सगळीकडे ती दिसतात. त्यांतले मुख्य प्रथिन जोडकामाचे आहे: निळा उजेड ओळखणारा भाग मातीतल्या बॅसिलस सबटिलिसचा, आणि निरोप पुढे पोचवणारा भाग सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणाऱ्या ब्रॅडीरायझोबियमचा.

पीडॉनमध्ये अंधारात हे प्रथिन कामावर असते. त्याच्या निरोपामुळे लॅम्डा नावाच्या विषाणूकडून घेतलेले एक दमनकारी प्रथिन तयार होत राहते आणि ते पुढच्या जनुकाला दाबून धरते. निळा उजेड पडला की निरोप थांबतो, दमनकारी प्रथिन संपत जाते आणि दाबलेले जनुक जागे होते. त्या जागी विषाचे जनुक ठेवले की झाला किल-स्विच. उदाहरणार्थ सीसीडीबी: हे विष डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या गायरेज या विकराला जखडते आणि पेशीचा डीएनए तुटतो.

या रचनेत एक शहाणपण आहे. निरोपाच्या साखळीतला एखादा दुवा उत्परिवर्तनाने निकामी झाला, तर दमनकारी प्रथिन तयारच होत नाही आणि जिवाणू अंधारातही मरतो. म्हणजे यंत्र बिघडले तर ते सुरक्षित बाजूला बिघडते. पण सगळेच बिघाड इतके सज्जन नसतात. विषाच्या जनुकात एक खोट आली की जिवाणू कायमचा मोकळा. उजेड ओळखणारी सगळी करामत एका सिस्टीन अमिनो आम्लावर टेकलेली असते. तेवढे एक बदलले तर संवेदक आंधळा होऊ शकतो. त्याच्या लेखी मग भरदुपारीही रात्रच. अर्जदाराने दोन वेगळी विषे बसवली आणि ‘दोन कुलपे आहेत’ असे लिहिले, तरी दोन्ही याच संवेदकावर चालत असतील तर एकाच किल्लीने उघडणारी ती दोन कुलपे झाली. हा प्रश्न अर्जदाराला विचारला गेल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

आता चाचणी कशी होते ते पाहू. फॉइल गुंडाळलेल्या फ्लास्कमध्ये, अंधारात, जिवाणू वाढवायचे. त्यातला थोडा द्रव दहा लाख पट पातळ करून एका पेट्री डिशवर पसरायचा आणि ती डिश पुन्हा फॉइलमध्ये ठेवायची. दुसऱ्या डिशवर तोच द्रव अजिबात पातळ न करता पसरायचा आणि ती ४७० नॅनोमीटरच्या निळ्या एलईडीखाली रात्रभर ठेवायची. सकाळी पहिल्या डिशवर मोजण्याजोग्या वसाहती दिसतात. दुसरी डिश लांबून कोरी करकरीत. खिडकीकडे तिरपी धरली की मग दिसतात: टाचणीच्या डोक्याएवढ्या, दहा-बारा, एकमेकींपासून दूर, मजेत वाढलेल्या. अर्जात येतो तो फोटो लांबून काढलेला असतो.

खरी माहिती त्या दहा-बारा वसाहतींत असते. प्रत्येक वसाहत काडीने उचलायची आणि पुन्हा उजेडात वाढवायची. मेली, तर ती आधी फक्त आडोशाने वाचली होती. दाट थरात खालच्या पेशींना उजेड मिळतच नाही. वाढली, तर ती स्विचमधून सुटलेली. सुटलेल्यांचा डीएनए वाचला की बहुधा विषाच्या जनुकातच खोट सापडते: एखादे अक्षर बदललेले, एखादा तुकडा गळालेला, किंवा जिवाणूच्या स्वतःच्याच डीएनएमधला एखादा उडता तुकडा नेमका तिथे येऊन बसलेला. तो जिवाणू आणि त्याची सगळी पोरेबाळे यांच्यापुरता हा स्विच संपला. उरलेल्या कोट्यवधी पेशींना मारून आपण त्यांच्यासाठी जागा आणि अन्न मोकळे करून दिलेले असते.

०.१ मिलिलिटर दाट द्रवात साधारण १० कोटी पेशी असतात. त्यांतल्या दहा सुटल्या तर प्रमाण झाले एक कोटीत एक. ऐकायला उत्तम. आता फर्मेंटरकडे या. मिलिलिटरला १०० कोटी पेशी धरल्या तर १,००० लिटरच्या टाकीत एकावर पंधरा शून्ये इतक्या पेशी होतात. कोटीत एक या हिशेबाने त्यांतल्या १० कोटी स्विचला जुमानणार नाहीत. टाकी फुटायचीही गरज नाही. शिवाय उत्परिवर्ती पेशी शेवटच्या क्षणी तयार होतात असे नाही. सुरुवातीच्या एक मिलिलिटर दाट द्रवापासून तेवढी टाकी भरायला जिवाणूंना सुमारे २० वेळा दुप्पट व्हावे लागते. अंधारात विषाची किंचित जरी गळती असली तरी या वीस पिढ्यांत विष मोडलेली पेशी इतरांहून जोमाने वाढते. म्हणजे बंद स्विच जितका गळका, तितके त्याला मोडणारे लवकर बहुसंख्य होतात. स्विच बनवला त्या दिवशीचा आकडा आणि पन्नासाव्या पिढीचा आकडा यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडू शकते. अर्जात असतो तो पहिल्या दिवसाचा.

आकड्याचा हा आग्रह मी उगाच धरत नाही. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमार इथे शास्त्रज्ञ जमले, तेव्हाच ‘प्रयोगशाळेबाहेर जगू न शकणारा जिवाणू’ ही मागणी पुढे आली. रॉय कर्टिस यांनी ई. कोलायचा एक दुबळा वाण तयार केला. प्रयोगशाळेत मिळणारी काही रसायने पुरवल्याशिवाय तो जगत नसे, आणि आतड्यातले पित्तक्षार त्याला सोसत नसत. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचा मान राखून त्याचे नाव काय-१७७६ ठेवले. हौस म्हणायची. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अशा वाणांसाठी मर्यादा घातली ती दहा कोटींत एकाहून अधिक सुटता कामा नये अशी. पन्नास वर्षांपूर्वी, डीएनए वाचायची सोय जेमतेम असताना, लोकांनी आकडा मागितला होता. आणि तो प्रयोगशाळेतल्या कामासाठी होता, उघड्या रानासाठी नव्हे.

विषाच्या जनुकावर चालणारा पहिला ‘सशर्त आत्महत्ये’चा संच १९८७ मध्ये डेन्मार्कच्या सोरेन मोलिन आणि सहकाऱ्यांनी मांडला. तेव्हापासून या क्षेत्राचा सगळा इतिहास म्हणजे सुटणाऱ्यांशी चाललेली झटापट आहे. हार्वर्डच्या गटाने २०१७ मध्ये थंडीने चालणारा स्विच दाखवला आणि विषाची गळती कमी राखली की स्विच जास्त पिढ्या टिकतो हे सिद्ध केले. २०२२ मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने क्रिस्पर हे डीएनए कापायचे तंत्र वापरून जिवाणूला स्वतःचाच डीएनए कापायला लावले. तो स्विच २८ दिवस टिकवण्यासाठी त्यांना त्याच जनुकांच्या अनेक प्रती बसवाव्या लागल्या आणि जिवाणूची उत्परिवर्तने घडवणारी काही यंत्रणाही काढून टाकावी लागली. सगळ्यात कमी आकडा मिळाला तो वेगळ्याच वाटेने. २०१५ मध्ये ई. कोलायची जनुकीय लिपीच बदलून त्याला निसर्गात न सापडणाऱ्या एका अमिनो आम्लावर अवलंबून केले. सुटणारा एकही सापडला नाही, आणि त्या चाचणीची नजर एक लाख कोटींमागे दोनपर्यंत पोचणारी होती. तिथेही लेखकांनी ‘शून्य’ असे लिहिले नाही. मोजमापाची मर्यादा लिहिली. आपल्याकडच्या अर्जांत मात्र ‘१०० टक्के’ हा शब्द बिनदिक्कत येतो.

इथवरचे सगळ्याच किल-स्विचना लागू आहे. खास प्रकाशाच्या स्विचबद्दल म्हणाल तर प्रश्न अगदी साधा आहे: तुमचा जिवाणू जिथे जाणार, तिथे उजेड आहे का?

शेतातलेच उदाहरण घेतो, कारण शेतीसाठीचे अर्ज सगळ्यात आधी येतील असे दिसते. अमेरिकेत पिव्होट बायो या कंपनीचे, जनुक संपादित केलेले नत्र पुरवणारे जिवाणू मक्याच्या लाखो एकरांवर वापरले जातात. आपल्याकडे कृषी विद्यापीठांची आणि खासगी कंपन्यांची जिवाणू खतांची पाकिटे शेतकऱ्यांना चांगली माहीत आहेत. (त्यांतले जिवाणू नैसर्गिक वाण आहेत, या पत्राचा रोख त्यांच्याकडे नाही.) जूनमध्ये, पेरणीच्या सकाळी, ताडपत्रीवर किंवा पोत्यावर सोयाबीनचे बी पसरतात. गुळाच्या पाण्यात पाकीट कालवतात, तो काळपट लगदा बियाण्यावर शिंपडून हलक्या हाताने चोळतात, आणि बी सावलीत सुकवतात. पाकिटावर छापलेलेच असते: थेट उन्हात ठेवू नये. तास-दोन तासांत बी पाभरीतून किंवा ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रातून एक-दोन इंच मातीखाली जाते.

या जिवाणूच्या आयुष्यात उजेड आहे तो एवढाच, आणि त्यातही आपणच त्याला सावली धरतो. मातीत उजेड शिरतो तो फार तर काही मिलिमीटर, आणि निळा तर लाल-अतिलालपेक्षाही कमी. मराठवाडा-विदर्भातली काळी माती त्याहून कंजूष. मग ‘उजेड पडला की मरेल’ हा स्विच त्या जिवाणूला कधी मारणार? नांगरटीत वर आलेल्या पातळ थरापुरता. आणि उलटा स्विच बसवला, ‘अंधार झाला की मरेल’ असा, तर जिवाणू मुळाशी पोचून काम सुरू करण्याआधीच मरेल. दोन्हीकडून पंचाईत. असा स्विच शेतासाठी सुचवणाऱ्याने पेरणी पाहिलेली नसते.

हिशेबही त्याच पाकिटावर करून पाहा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या जिवाणू खतात ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट, एकरी ३० किलो सोयाबीन, म्हणजे तीन पाकिटे: ३,७५० कोटी पेशी. असिलोमारनंतरची ती कडक मर्यादा पाळली, दहा कोटींत एकच सुटला, तरी एकरी ३७५. महाराष्ट्रात सोयाबीन ४० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर असते. म्हणजे कोटभर एकर धरा. ३७५ ला कोटीने गुणायचे काम मी आपल्यावर सोपवतो. हे सगळे जिवाणू उपद्रवी असतील असे मी म्हणत नाही. बहुतेक वेळा प्रयोगशाळेतला वाण रानातल्या स्थानिक जिवाणूंपुढे टिकतच नाही, आणि खरे संरक्षण बहुधा तेच असते. पण मग अर्जात तसे लिहावे आणि त्याचा पुरावा द्यावा. स्विचच्या नावाखाली तो प्रश्न झाकू नये.

आणखी एक गोष्ट पेट्री डिशवर कधीच दिसत नाही. विष तयार करायला पेशी कामावर असावी लागते. फ्लास्कमधला जिवाणू भरल्यापोटी असतो, उजेड पडताच भराभर विष बनवतो. मातीतला जिवाणू बहुतेक काळ उपाशी, अर्धवट झोपलेला. त्याच्यावर उजेड पडला तरी जनुक वाचून विष बनवायला त्याच्याकडे ना साहित्य ना ताकद. काही गट यावर उपाय म्हणून किलररेड हे प्रथिन सुचवतात. ते पेशीत आधीच भरलेले असते आणि हिरवा-पिवळा उजेड पडताच ऑक्सिजनचे जहाल रेणू तयार करते, नवे काही बनवावे लागत नाही. कल्पना चांगली आहे. पण त्याला उजेड भरपूर लागतो, आणि उपाशी पेशीत ते किती दिवस टिकते हे प्रत्येक वाणात मोजावे लागेल.

न्याय्य बोलायचे तर एक आक्षेप मी इथेच खोडतो. ‘आपल्याकडे पावसाळ्यात आभाळ भरलेले, स्विच चालणार कसा?’ असे कुणी म्हणेल. ते खरे नाही. या संवेदकांना उजेड फार लागत नाही आणि ढगाळ दिवसही खोलीतल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी उजळ असतो. अडचण ढगांची नाही, मातीची आहे. उलट प्रयोगशाळेतच ट्यूबलाइटने स्विच अवेळी चालू होतो आणि काम करणारा विद्यार्थी वैतागून दारावर काळे कापड लावतो.

दुसरा अर्ज येईल तो औषधाचा: आतड्यात राहून काम करणारा, मुळात निरुपद्रवी असलेला ई. कोलायचा निसल हा वाण. पोटात अंधार, बाहेर उजेड, म्हणून बाहेर पडला की मरेल. कागदावर झकास. प्रत्यक्षात तो बाहेर पडतो तो विष्ठेतून, आणि विष्ठा शौचालयाच्या भांड्यात काही क्षण असते; नंतर नळ, चेंबर, सेप्टिक टँक, सगळा अंधारच. शिवाय विष्ठा पारदर्शक नसते, हे समितीला लिहून कळवावे लागू नये. तापमानाचा स्विच इथे जास्त शहाणा वाटतो, कारण शरीर ३७ अंशांवर आणि बाहेर थंड. हार्वर्डच्या त्या स्विचची चाचणी २२ अंशांवर झाली होती. आता मे महिन्यात चंद्रपूरला छतावरच्या टाकीतले पाणी किती तापते ते चंद्रपूरकरांना विचारा. बॉस्टनमध्ये ‘शरीराबाहेर’ म्हणजे जे, ते विदर्भात वर्षाचे बारा महिने खरे नसते. म्हणून परदेशी प्रबंधातला आकडा उचलून अर्जात चिकटवणे चालू देऊ नये.

मग प्रकाशाचा स्विच बसवावा तरी कुठे? जिथे दिवा आपला आणि भांडेही आपले, तिथे. बंद कारखान्यात. तिथे त्याच्यासारखे साधन नाही. रसायनाने चालणारे स्विच चालवायला टाकीत काहीतरी ओतावे लागते आणि ते नंतर बाहेर काढता येत नाही. दिवा लावला, दिवा बंद केला, मागे काही उरत नाही. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये नीलहरित जिवाणू हिरव्या उजेडाने फोडून दाखवले, म्हणजे आतला माल मिळवायला रसायनांची गरज कमी. मात्र दाट द्रवात उजेड काही मिलिमीटर ते फार तर काही सेंटिमीटर जातो, म्हणून मोठ्या टाकीत मधोमध दिवा लावून भागणार नाही. माझ्या मते जागा आहे ती बाहेर जाणाऱ्या नळीवर. टाकीतला द्रव पातळ, पारदर्शक नळीतून एलईडींच्या मधून न्यायचा, थोडा वेळ थांबवायचा आणि मगच नेहमीच्या उष्णतेच्या प्रक्रियेत पाठवायचा. उष्णतेऐवजी नव्हे, उष्णतेच्या आधी. कारखान्यातून असा अर्ज आला तर त्याला अडवू नका, उत्तेजन द्या. आजची अडचण ही की नियम कारखान्यातल्या स्विचला आणि शेतातल्या स्विचला एकाच मापाने मोजतात, म्हणजे खरे तर मोजतच नाहीत.

आणि जिवाणू मेला तरी त्याचा डीएनए मरत नाही. पेशी फुटली की तो बाहेर पडतो, मातीत चिकणमातीच्या कणांना चिकटून टिकून राहतो, आणि काही स्थानिक जिवाणू तो उचलू शकतात. त्यावर प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक असेल, आणि प्रयोगशाळेतल्या प्लास्मिडांवर ते बहुधा असतेच, तर आपण जिवाणू मारून त्याचा वाईट वारसा मात्र वाटला. बाहेर जाणाऱ्या कोणत्याही वाणात हे जनुक असता कामा नये आणि बदललेला डीएनए प्लास्मिडवर नव्हे, मुख्य गुणसूत्रात असावा, एवढी अट तरी विनातडजोड घालता येईल.

‘परवानगी देताना आम्ही देखरेखीची अटही घालतो’ असे उत्तर येईल, म्हणून अकोल्याची आठवण करून देतो. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी जाहीर सभा घेऊन, पत्रकार बोलावून, परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील एचटीबीटी कापसाचे बी पेरले. त्यांचे म्हणणे काय होते, ते बरोबर की चूक, हा या पत्राचा विषय नाही. मुद्दा एवढाच की सरकी डोळ्यांनी दिसते, पोत्यात मावते, पकडता येते. तरी ती आपल्या परवानगीशिवाय अनेक हंगाम रानोरानी फिरली. जिवाणूची दोन पाकिटे शेजाऱ्याला दिली तर कोण पाहणार? १९८९ च्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती आहे. राज्यातल्या कोणत्या जिल्ह्यात ती शेवटची कधी बसली आणि तिच्यात सूक्ष्मजीवशास्त्र जाणणारे कोण आहे, हे आपण राज्यांकडून मागवून जाहीर करावे. देखरेखीच्या अटीला किती वजन द्यायचे ते त्यावरून ठरेल. माझा अंदाज फार उमेदीचा नाही.

म्हणून मागणी अशी. ज्या अर्जात किल-स्विच हा सुरक्षेचा आधार म्हणून दाखवला आहे, त्यात सुटणाऱ्यांचे प्रमाण आकड्यात द्यायला लावावे, किती पेशी तपासल्या ते सांगायला लावावे, आणि ‘एकही सापडला नाही’ असे असेल तर चाचणीची नजर किती होती तेही. हा आकडा ताज्या वाणाचा नको. उत्पादनात जितक्या पिढ्या होणार, निदान तितक्या पिढ्या वाढवलेल्या वाणाचा हवा. उपाशी पेशींवर वेगळा हवा. सुटलेल्या वसाहतींचा डीएनए वाचून कुठे मोडले ते सांगितलेले हवे. एकाच जागी वारंवार मोडत असेल तर ती जागा दुरुस्त होईपर्यंत अर्ज परत पाठवावा. आणि ही चाचणी अर्जदाराच्या प्रयोगशाळेत नव्हे, दुसऱ्या कुणाकडून व्हावी.

प्रकाशाचा स्विच असेल तर आणखी एक: जिवाणू जिथे राहणार त्या जागेचा उजेड मोजून द्यावा. कुठल्या रंगाचा, किती, किती खोलीपर्यंत, दिवसातून किती तास. त्याच शेताच्या मातीत, त्याच टाकीतल्या द्रवात, त्याच गटारात. हे काम महाग नाही. प्रकाशमापक आणि एक उत्साही पदव्युत्तर विद्यार्थी पुरतो. मोजमाप नसेल तर प्रकाशाचा स्विच अर्जात नाहीच असे समजून बाकीच्या पुराव्यांवर निर्णय घ्यावा.

आपल्या बैठकांची इतिवृत्ते संकेतस्थळावर येतात, पण जैवसुरक्षेची मूळ आकडेवारी बहुधा व्यापारी गुपिताच्या आड जाते. जनुकाची नेमकी रचना गुपित ठेवायची तर ठेवू द्या. दहा कोटींतून किती सुटले यात गुपित ते काय? तो आकडा लोकांसमोर असला तर माझ्यासारखे शिक्षक तो वर्गात तपासायला घेतील, आणि समितीला फुकटचे परीक्षक मिळतील.

हा विषय आपल्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती. घेतला की नाही ते इतिवृत्तात वाचेनच.

कळावे,
आपला विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक शिक्षक
पुणे